तार ढकलते, वाट हाड देतं

दातांना तारा लावलेल्या माणसाच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं : "आज तार घट्ट करायला जायचंय." खुर्चीवर बसल्यावरही तेच ऐकू येतं, "डॉक्टर, अजून थोडी घट्ट करा, म्हणजे लवकर होईल." दात सरळ करण्याचं काम आम्ही रोज करतो आणि हा गैरसमजही रोज दूर करतो. तार घट्ट करायची नसते. वेड्यावाकड्या दातांत बसवताना ती वाकते, तिला पुन्हा सरळ व्हायचं असतं, आणि सरळ होता होता ती दातांना सोबत नेते. तिचा जोर जितका बेताचा, तितका दात नीट सरकतो. पहिल्या मापापासून शेवटच्या रिटेनरपर्यंत, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणाऱ्या साधनापर्यंत, तोंडात काय काय घडतं आणि कुठे बिघडतं, ते जसं समोर येतं तसं सांगतो.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो आणि दात त्यावर टांगलेला असतो. दाताला हलका, सतत दाब मिळाला की ज्या बाजूला तो निघालाय तिकडचे तंतू दबतात, पाठीमागचे ताणले जातात. दबलेल्या बाजूला हाड विरघळवणाऱ्या पेशी जमतात, ताणलेल्या बाजूला हाड बांधणाऱ्या. एकीकडे हाड झिजतं, दुसरीकडे नवं भरतं, आणि दात आपल्या खोबणीसकट पुढे जातो. हा वेग साधारण महिन्याला १ मिलिमीटर.

आता घाई केली तर काय होतं ते पाहा. जोर वाढला की दबलेल्या तंतूंमधल्या बारीक रक्तवाहिन्या मिटतात. रक्तच नाही तर पेशी येणार कुठून? तेवढा भाग निर्जीव होतो, दात एक-दोन आठवडे जागचा हलत नाही. मग आजूबाजूचं शरीर त्या भागाला पाठीमागून पोखरत येतं आणि दात एकदम सरकतो. दुखणं जास्त, वेळेची बचत शून्य, आणि मुळाचं टोक झिजण्याचा धोका वाढलेला. दात नुसता कलवायला ३५ ते ६० ग्रॅम जोर पुरतो. मुळासकट उभाच्या उभा सरकवायला ७० ते १२० ग्रॅम लागतात. पुढचा दात हिरडीच्या दिशेने आत दाबायचा असेल तर फक्त १० ते २० ग्रॅम, कारण तिथे सगळा दाब मुळाच्या टोकावरच्या इवल्याशा जागेवर येतो. तोंडात दिसणारं सगळं सामान हा एवढासा जोर योग्य दिशेने आणि खंड न पडता देण्यासाठी आहे.

पहिल्या भेटीत तारा लागत नाहीत. दोन्ही जबड्यांचं माप घेतलं जातं, पेस्टसारख्या पदार्थाने किंवा स्कॅनरने. फोटो निघतात. दोन एक्स-रे काढतात : एकात दोन्ही जबडे आणि सगळी मुळं एकाच पट्टीत दिसतात, दुसरा चेहऱ्याचा बाजूने काढलेला. पहिल्यात आम्ही न उगवलेले दात, अक्कलदाढांची जागा, मुळांची लांबी, कीड आणि हाडाची पातळी शोधतो. दुसऱ्यात वरचा आणि खालचा जबडा एकमेकांच्या कुठे आहेत आणि पटाशीचे दात किती कललेले आहेत हे मोजतो. हिरड्यांतून रक्त येत असेल, हाड उतरलेलं असेल तर आधी त्याचे उपचार, मग तारा. सुजलेल्या हिरडीखाली दात हलवला की हाड आणखी वेगाने खाली जातं, आणि ते गेलेलं परत येत नाही. इथे "चालेल, सोबतच करू" असं म्हणणं आम्हाला मान्य नाही.

मग जागेचा हिशेब. दातांची एकूण रुंदी आणि जबड्याच्या कमानीत त्यांना मिळणारी जागा यांतला फरक मिलिमीटरमध्ये काढायचा. दोन-चार मिलिमीटरची दाटी असेल तर दातांच्या कडा बारीक पट्टीने घासून किंवा कमान थोडी रुंद करून निभतं. आठ-दहा मिलिमीटरची दाटी किंवा खूप पुढे आलेले दात असतील तर बहुधा उपदाढा, म्हणजे सुळा आणि दाढ यांच्यामधले दात, काढाव्या लागतात. एक उपदाढ साधारण ७ मिलिमीटर जागा देते. चांगला दात काढायचा म्हटलं की घरातले सगळे हबकतात, ते साहजिक आहे. पण जागा नसताना दात ओळीत ओढले तर ते ओठांकडे पुढे झुकतात आणि मुळांवरचं पुढचं हाड पातळ होतं.

दाढांना धातूचा बँड, म्हणजे दाढेभोवती बसणारं कडं, लावायचा असेल तर त्याआधी तीन ते सात दिवस दाढांच्या फटीत छोटी रबरी कडी घालतात. दोरा ओढावा तशी ती ताणून दोन दाढांच्या मध्ये उतरवायची. काही तासांत दाढा एकमेकींपासून ढकलल्या गेल्यासारख्या वाटतात, चावताना ठणकतात. अनेकांना पुढे तारा लागल्यावर होतं त्याहून हे दुखणं जास्त वाटतं. तिथे काडी घालू नये आणि दोऱ्याने सफाई करू नये, कडी निघून येते. भेटीच्या आदल्या दिवशी निघाली तर चालतं, आधीच निघाली तर दुसरी घालून घ्यावी, नाहीतर फट मिटते. बँड दाढेच्या मापाचा निवडून ग्लास आयनोमर सिमेंटने बसवतात. त्याचा धोका लपलेला असतो : सिमेंट एखाद्या कोपऱ्यात विरघळलं की बँड वरून जागेवर दिसतो, पण आत दाढ किडत राहते. चावताना बँड वर-खाली होतोय किंवा तिथून वाईट चव येतेय असं वाटलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. हल्ली पुष्कळदा बँडऐवजी तारेचं टोक अडकवायची छोटी नळी दाढेवर थेट चिकटवतात.

ब्रॅकेट, म्हणजे तार बसवायची खाच असलेला छोटा चौकोनी तुकडा, दातांवर चिकटवण्याचा दिवस तास-दीड तासाचा असतो, आणि पुढच्या दोन वर्षांचं निम्मं काम त्या दिवशी ठरतं. आधी तेल नसलेल्या प्युमिसने (दगडाच्या बारीक पुडीने) दात घासून त्यावरचा चिकट थर काढतात. ओठ आणि गाल मागे धरणारी प्लास्टिकची चौकट बसते, लाळ ओढणारी नळी जिभेखाली जाते. मग दाताच्या मधोमध जेलचा एक ठिपका : ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिड. १५ ते ३० सेकंद थांबायचं, भरपूर पाण्याने धुवायचं, हवेने कोरडं करायचं. आता तेवढाच भाग खडूसारखा पांढरा, निस्तेज दिसतो. ॲसिडने इनॅमलवर डोळ्यांना न दिसणारे खळगे पाडलेले असतात. प्रायमर नावाचा पातळ चिकट द्रव त्या खळग्यांत उतरतो आणि तिथेच कडक होतो, म्हणून ब्रॅकेट टिकतो. ही युक्ती मायकेल ब्युओनोकोर यांनी १९५५ मध्ये मांडली. ती रुळेपर्यंत एकेका दाताला धातूचा अख्खा बँड ठोकावा लागत होता.

त्या पांढऱ्या ठिपक्यावर लाळेचा ओघळ आला, की तो ब्रॅकेट दोन-तीन आठवड्यांत निघणार हे जवळजवळ नक्की. खळगे लाळेने भरलेले असतात, प्रायमरला शिरायला जागाच नसते. म्हणून त्या वेळी तोंड मिटू नका, बोलू नका, असं आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो. ओलावा आलाच तर तो दात पुन्हा धुऊन, पुन्हा ॲसिड लावून सुरुवात करणं हाच उपाय. घाईत नुसता पुसून पुढे जाण्यात काही कमाई नाही.

ब्रॅकेटच्या पाठीला बारीक जाळी असते. तिच्यात कॉम्पोझिट, म्हणजे दिव्याच्या उजेडाने कडक होणारा लेप, दाबून भरतात, चिमट्याने ब्रॅकेट दातावर ठेवतात आणि खाच दाताच्या उभ्या रेषेला काटकोनात येईपर्यंत हळूहळू फिरवतात. वरच्या मधल्या पटाशीच्या दाताला कडेपासून साधारण ४.५ ते ५ मिलिमीटर उंचीवर, त्याच्या बाजूच्याला अर्धा मिलिमीटर कमी, सुळ्याला मधल्याइतकं किंवा किंचित जास्त. जागा पक्की झाली की घट्ट दाबून कडेने बाहेर आलेलं कॉम्पोझिट टोकदार हत्याराने काढून टाकतात. ते राहिलं तर तिथे कायमचा मळ साचतो. मग निळा दिवा, दोन्ही बाजूंनी दहा-दहा सेकंद.

एवढा बारकावा कशासाठी? १९२८ मध्ये एडवर्ड अँगल यांनी चौकोनी खाचेचा ब्रॅकेट आणला, तेव्हा दाताचा प्रत्येक कल तारेला हाताने बाक देऊन साधावा लागे. पुढे १९७० च्या दशकात लॉरेन्स अँड्र्यूज यांनी हे कल ब्रॅकेटच्या खाचेतच घडवले. आज सुळ्याचा ब्रॅकेट वेगळा, पटाशीच्या दाताचा वेगळा, डावा-उजवाही वेगळा असतो, आणि सरळ तार त्यांतून गेली की दात आपापल्या कलाने उभे राहतात. पण ब्रॅकेटच चुकीच्या जागी बसला तर सरळ तार त्या चुकीचंही इमानाने पालन करते. वरच्या दातावर ब्रॅकेट अर्धा मिलिमीटर हिरडीकडे सरकला, तर तो दात शेजाऱ्यांपेक्षा अर्धा मिलिमीटर खाली उतरतो. तिरका बसला तर मूळ तिरकं जातं. म्हणून सहा-सात महिन्यांनी आम्ही एखाद-दुसरा ब्रॅकेट मुद्दाम काढून पुन्हा लावतो. ते काम बिघडल्याचं लक्षण नाही.

धातूचे ब्रॅकेट सगळ्यांत टिकाऊ. सिरॅमिकचे दातांच्या रंगाचे, दिसायला छान, पण ठिसूळ. तार त्यांत अडखळत सरकते, आणि खालच्या दातांवर लावले तर वरच्या दातांची कड त्यांवर घासून झिजू शकते. झाकण असलेले ब्रॅकेटही मिळतात, त्यांत तार धरून ठेवायला रबरी कडी लागत नाही. भेटीत खुर्चीवरचा वेळ वाचतो, हे खरं. त्यांनी एकूण उपचार लवकर संपतो, हे अभ्यासांत दिसलेलं नाही.

पहिली तार निकेल-टायटॅनियमची, बहुतेक वेळा ०.०१४ इंच जाडीची, गोल. हा मिश्रधातू अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्युलर यांच्या कामातून आला, आणि जॉर्ज अँड्रियासन यांनी तो १९७० च्या दशकात दातांसाठी वापरायला घेतला. त्याचा गुण असा की बराच वाकवला तरी मूळ आकार विसरत नाही, आणि परत येताना जोर फारसा कमी-जास्त होऊ देत नाही. उष्णतेने चेतणारी तार असेल तर हा गुण जिभेलाही कळतो : थंड पाण्याचा घोट घेतला की ती मऊ पडते आणि ताण उतरतो, गरम काही प्यायलं की पुन्हा ताठ होते. पहिल्या रात्री फार ठणकत असेल तर थंड पाणी तोंडात धरायला आम्ही सांगतो ते याचसाठी.

दुखणं तार घातल्यानंतर दोन-चार तासांनी सुरू होतं, दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं आणि आठवड्याच्या आत ओसरतं. गोळी लागलीच तर आम्ही पॅरासिटामॉल सुचवतो. सूज उतरवणाऱ्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन नावाचं शरीरातलं रसायन रोखतात, आणि हाडाच्या झिजण्या-भरण्याला तेच लागतं. एखाद्या गोळीने काही बिघडत नाही, रोज घेत राहू नये इतकंच. या दिवसांत दात हातालाही किंचित हलतात. दात पडणार की काय, या भीतीने लोक फोन करतात. तंतूंचा थर तात्पुरता रुंद झालेला असतो, तो दात सरकत असल्याचाच पुरावा आहे.

वरचे दात खालच्यांना खोल झाकत असतील तर खालचे ब्रॅकेट चावताना तुटतात. त्यासाठी दाढांवर कॉम्पोझिटचे छोटे ठोकळे चढवतात. मग फक्त त्या ठोकळ्यांवरच चावलं जातं, पुढे फट राहते, दोन-तीन आठवडे खाणं कठीण जातं. हे आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरतो.

चार ते आठ आठवड्यांनी एक भेट. ०.०१४ नंतर ०.०१६, मग चौकोनी तारा. गोल तार दाताचा दिसणारा भाग ओळीत आणते, पण मूळ तिच्याभोवती मोकळं झुलत राहतं. चौकोनी तार खाचेत फिरू शकत नाही, म्हणून तिच्यासोबत मूळही जागेवर येतं. ०.०२२ इंचाच्या खाचेत शेवटी ०.०१९ गुणिले ०.०२५ इंचाची स्टीलची तार येते. ही कडक तार आपणहून फारसं ढकलत नाही. तिचं काम रुळाचं, दात तिच्यावरून घसरत जातात. टप्पे गाळून ही तार लवकर घातली तर ती खाचेत बसतच नाही, आणि जबरदस्तीने बसवली तर ब्रॅकेट उडतात. पहिला टप्पा, म्हणजे दात ओळीत येणं, साधारण चार ते आठ महिन्यांचा. आरशात सगळ्यांत मोठा बदल याच काळात दिसतो आणि "झालं की, आता काढा ना" ही मागणी इथेच येते. मुळं तेव्हा अजून तिरकीच असतात, दातांची चावणी जुळलेली नसते.

उपदाढा काढल्या असतील तर आता ती जागा भरायची, आणि इथे संपूर्ण शास्त्रातली सर्वांत अवघड गोष्ट समोर येते. पुढचे सहा दात मागे ओढायचे तर दोर बांधायचा दाढेला. दोर दोन्ही टोकांना सारखाच ओढतो. पुढचे दात जितके मागे येतात, तितकं दाढेलाही पुढे यावंसं वाटतं. ७ मिलिमीटर जागेपैकी ३ मिलिमीटर दाढेने खाल्ली तर ओठांसाठी उरतात ४. म्हणून दाढ रोखायची. कधी दुसऱ्या दाढेला तिच्याशी बांधून, कधी टाळूवरून आडवी तार टाकून, आणि काटेकोरपणे रोखायचं असेल तर मिनी-स्क्रूने. टायटॅनियमच्या मिश्रधातूचा हा स्क्रू १.२ ते २ मिलिमीटर जाड, ६ ते १० मिलिमीटर लांब असतो. हिरडी थोडी बधिर करून तो दुसरी उपदाढ आणि पहिली दाढ यांच्या मुळांमधल्या हाडात फिरवतात. पाच मिनिटांचं काम. दात हाडात सरकतो, स्क्रू तसा सरकत नाही, म्हणून ओढ त्याच्यावर टाकता येते. काही स्क्रू सैल होतात, बहुतेक पहिल्या काही आठवड्यांतच. भोवतालची हिरडी सुजली, जिभेने किंवा बोटाने सतत चाळा झाला, हाड पातळ निघालं, ही त्याची कारणं. मऊ ब्रशने रोज डोक्याभोवती हलकं घासायचं, चाळा करायचा नाही. सैल झालाच तर काढून शेजारी दुसरा लावतात.

ओढायला रबरी साखळी किंवा निकेल-टायटॅनियमची स्प्रिंग. साखळी पहिल्या २४ तासांतच आपला निम्म्याहून अधिक जोर गमावते, उरलेल्यावर चार आठवडे चालवायचं. स्प्रिंग महागडी पण जोर सतत सारखा देते, साधारण १५० ते २०० ग्रॅम. दोन्हींचा वेग अखेर हाडच ठरवतं : महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर, म्हणून सहा-सात मिलिमीटरला सात-आठ महिने धरूनच चालावं.

वरचे आणि खालचे दात एकमेकांत बसवण्यासाठी रबर द्यायला लागतात. वरचे दात पुढे असतील तर वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत. खालचे पुढे असतील तर उलट, वरच्या दाढेपासून खालच्या सुळ्यापर्यंत. पाकिटावर दोन आकडे असतात. पहिला आतल्या व्यासाचा, जसं ३/१६ किंवा १/४ इंच. दुसरा जोराचा, ३.५ किंवा ४.५ औंस, म्हणजे अनुक्रमे साधारण १०० आणि १३० ग्रॅम. हा जोर रबर व्यासाच्या तिप्पट ताणल्यावरचा. दिवसात २० ते २२ तास घालायचं, जेवताना आणि ब्रश करताना काढायचं, दिवसातून निदान एकदा नवीन घ्यायचं, न तुटलं तरी. फक्त रात्री घातलं तर दात रात्री पुढे आणि दिवसा मागे, असाच डोलत राहतो, दुखतो आणि पोहोचत कुठेच नाही. त्याहून वाईट म्हणजे बुडालेल्या दिवसांची भरपाई म्हणून एका जागी दोन रबर अडकवणं. आणि एकाच बाजूचं नियमित घालणं, ज्याने दोन्ही जबड्यांच्या मध्यरेषा एकमेकींपासून सरकतात. लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर पहिल्याच दिवशी सांगावं, लॅटेक्स नसलेले रबर मिळतात.

वाढत्या वयाच्या मुलांची हत्यारं निराळी. वरचा जबडा अरुंद असेल, दाढा आतून चावत असतील तर टाळूला स्क्रूचं यंत्र बसवतात. मधोमध एक छिद्र दिसतं. किल्ली त्यात पुढच्या बाजूने घालायची, घशाच्या दिशेने ढकलत न्यायची, पुढचं नवं छिद्र पूर्ण दिसेपर्यंत, आणि मग किल्ली खाली ओढत मागून बाहेर काढायची. सरळ पुढे ओढली तर फिरवलेलं परत उलटतं. किल्लीला दोरा बांधून तो मनगटाला अडकवावा, म्हणजे ती घशात जायची भीती नाही. एक फेरी म्हणजे ०.२५ मिलिमीटर. दिवसातून एक किंवा दोन, सांगितल्या असतील तितक्याच, आणि प्रत्येक फेरी वहीत टिपून. नाकाच्या बुडाशी दाटल्यासारखं होतं. आठवड्याभरात वरच्या दोन मधल्या दातांत फट पडते. आई-वडील ती पाहून हादरतात, आम्हाला ती पाहून बरं वाटतं : टाळूची मधली शिवण उघडली आहे. तंतूंच्या ओढीने ती फट काही आठवड्यांत बरीचशी आपोआप मिटते. फेऱ्या संपल्यावर यंत्र तीन ते सहा महिने तसंच ठेवायचं, शिवणीत हाड भरेपर्यंत. किशोरवय सरत आलं की ही शिवण जुळत जाते, आणि मग नुसत्या फेऱ्यांनी दाढा बाहेर कलतात, टाळू रुंद होत नाही.

खालचा जबडा मागे राहिला असेल तर उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात ट्विन ब्लॉक देतात. विल्यम क्लार्क यांनी घडवलेल्या या दोन प्लेटींवरचे उतार, साधारण ७० अंशांचे, तोंड मिटताना खालचा जबडा पुढे आणतात. वापरलं तरच उपयोग, आणि वाढ संपल्यावर नाही. काढता-घालता येणारी तारेची साधी प्लेट एखादा उलटा चावणारा दात पुढे ढकलायला छान, पण ती दात फक्त कलवते, मूळ हलवत नाही.

अलायनर म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या साच्यांची मालिका. प्रत्येक साचा दाताला साधारण पाव मिलिमीटरपर्यंतच पुढे नेतो, एक-दोन आठवड्यांनी पुढचा घालायचा. दातांवर कॉम्पोझिटचे छोटे उंचवटे चिकटवतात, कारण गुळगुळीत दाताला प्लास्टिक नुसतं घसरतं, त्याला पकड हवी. गोल आकाराचा सुळा किंवा उपदाढ फिरवणं आणि दात बाहेर ओढून लांब करणं, ही कामं अलायनरला जड जातात. दाताची कड आणि साचा यांत पोकळी दिसू लागली की तो दात मालिकेच्या मागे पडला. मग पुढचा साचा घालायचा नाही, तोच अधिक दिवस वापरायचा, रबरी नळकांडं चावून तो नीट दाबून बसवायचा, आणि दाखवायला यायचं. २२ तास घालणाऱ्याला अलायनर उत्तम. १४ तास घालणाऱ्याला आम्ही स्पष्टपणे ब्रॅकेट सुचवतो.

सफाईबद्दल आम्हाला मनापासून काळजी वाटते, कारण इथलं नुकसान कायमचं असतं. ब्रॅकेटभोवती मळ राहिला तर चार आठवड्यांतही इनॅमलवर पांढरे डाग उमटू शकतात. ब्रॅकेट काढल्यावर सरळ दातावर चौकोनाभोवती खडूसारखी पांढरी किनार राहते. प्रत्येक खाण्यानंतर ब्रश : आधी तारेच्या वर, ब्रश तिरपा धरून, मग तारेखाली, मग तारेमागे बारीक गोल ब्रशने. फ्लोराइडची पेस्ट, आणि शेवटी चूळ एकदाच. आरशात ब्रॅकेटच्या चारही कडा स्पष्ट दिसल्या पाहिजेत. कडक फळ अख्खं चावू नये, तुकडे करून दाढेने खावं. बर्फ आणि चिकट गोड पदार्थ टाळावेत.

ब्रॅकेट निघाला तर तो बहुधा तारेवरच लोंबत असतो. ओढू नये, टोचत असेल तर कोरडा करून मेणाची गोळी लावावी आणि कळवावं. दाढेमागे तारेचं टोक बाहेर आलं असेल तर तेच मेण. दात सरकले की तार मागून पुढे येतेच. निघालेला तुकडा गिळला तर सहसा पोटातून निघून जातो. पण खोकला थांबत नसेल किंवा श्वास लागत असेल तर थेट रुग्णालय गाठावं.

शेवटचे काही महिने बारीक दुरुस्तीचे. पुन्हा एक्स-रे, मुळं समांतर आहेत का आणि टोकं झिजली आहेत का ते पाहायला. मग ब्रॅकेट काढायचे. पक्कडीने ब्रॅकेटचे पंख दाबले की टक् असा आवाज होऊन तो निघतो. उरलेलं कॉम्पोझिट टंगस्टन कार्बाइडच्या बरने, म्हणजे यंत्राच्या फिरत्या बारीक टोकाने, उतरवतात, दात गुळगुळीत करतात, आणि त्याच दिवशी रिटेनरचं माप घेतात.

मुळाभोवतीचे तंतू नव्या जागी तीन-चार महिन्यांत रुळतात, हिरडीतले लवचिक तंतू मात्र वर्षभर जुन्या जागेकडे ओढत राहतात. फिरवलेला दात त्यामुळेच सगळ्यांत आधी उलट फिरतो. म्हणून पहिले काही महिने रिटेनर दिवसरात्र, नंतर फक्त रात्री, आणि रात्रीचा शक्य तितकी वर्षं. खालच्या पुढच्या दातांमागे चिकटवलेली बारीक तारही लावतात. ती एखाद्या दातावरून सुटली तर बाकीची जागेवर असल्याने कळत नाही, आणि तो एकटा दात निसटतो. आठवड्यातून एकदा जिभेने नव्हे, नखाने तार चिकटवल्याचा प्रत्येक ठिपका तपासावा.

रिटेनर एखाद्या रात्री घट्ट वाटला, तर दात सरकू लागले आहेत असं समजावं आणि तो पुन्हा दिवसभर घालायला सुरुवात करावी. दोन-तीन दिवसांत सैल वाटू लागला की रात्रीवर यावं. जागेवर बसतच नसेल तर दाबून बसवू नये. त्याच आठवड्यात तो हातात घेऊन यावं, दात थोडेच सरकले असताना नवीन रिटेनरने काम भागतं.